माठावरचं जॅझ

माठावरचं झाकण पाहायला कोणी प्रवास केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी केला, रजा काढून केला, आणि हातात एक जड पेटी घेऊन केला. आमच्या भंडाऱ्याकडच्या मंडळींना मुंबई म्हणजे चौपाटी आणि राणीची बाग एवढीच ठाऊक. त्यांच्यापैकी कोणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या अंगाला कधी जाईल असं दिसत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

आधी झाकणाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. सांगितल्यावरही वाटेलच.

मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करतो. इंग्रजी तिसरीत माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सुटली म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. आमची लाँड्री तळघरात आणि वर नाचाचा हॉल. वाफ जायला भिंतीत एक झरोका होता, त्यातून बॅन्ड ऐकू यायचा. पण सगळा नाही. ड्रम आणि तो माणसाएवढा उभा बेस एवढंच खाली झिरपायचं. वरचं दार ढकलून वेटर आत-बाहेर करायचा, तेवढ्यात ट्रंपेटचा एखादा तुकडा आमच्या अंगावर पडायचा आणि दार मिटायचं. कित्येक दिवस माझी पक्की समजूत होती की जॅझ हे संगीत असंच असतं, तुकड्यातुकड्यानं. पुढं रेकॉर्डवर पहिल्यांदा सबंध ऐकलं तेव्हा जरा लांबट वाटलं.

तरी नाद लागायचा तो लागलाच. जुन्या बाजारातून मी तबकड्या जमवायला लागलो. त्या वाजवायला फोनो नव्हता. घोड्याचा पत्ता नसताना नाल जमवावेत तसा प्रकार. खोलीवर खाटेखाली तबकड्या, खाटेवर मी, आणि वर पत्रा. पहिल्याच उन्हाळ्यात एक तबकडी तापून वाकली आणि तिचा चांगला खोलगट द्रोण झाला. ती मी अजून ठेवली आहे. माझ्या संग्रहातली तेवढी एकच आमच्या खोलीतल्या इतर भाडेकरूंना आवडते, कारण तिच्यात चणे ठेवता येतात. इंग्रजीचं म्हणाल तर तिसरीपर्यंतचं इंग्रजी तबकडीच्या मधल्या गोल कागदाला पुरतं. त्या कागदाच्या बाहेर पडायची मला कधी गरज लागली नाही.

हे सगळं ज्यांच्यामुळं झालं ते बेनितो मास्तर. गोव्याचे, हॉटेलच्या बॅन्डात ट्रंपेट वाजवायचे. मी घरातून न सांगता निघालो आणि बोरीबंदरच्या बाकावर पोटाशी गुडघे घेऊन बसलो होतो, तेव्हा "जेवलास रे?" असं विचारणारा पहिला माणूस हाच. त्यांनी मला लाँड्रीत नेलं आणि मुकादमाला सांगितलं, "ह्याला ठेव. माझ्या कोटाला बरी इस्त्री करणारा माणूस पायजे." मी तोवर इस्त्री लांबूनही पाहिलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर माझ्या इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला. त्या संध्याकाळी तोच कोट घालून मास्तर वर गेले आणि सबंध वेळ भिंतीला पाठ लावून वाजवलं. एवढं कोणी केल्यावर माणूस जन्मभर जरा घाबरूनच राहतो. या माणसासाठी आपल्या हातून काही होईल का, आणि झालं तर ते त्या त्रिकोणासारखंच होणार नाही ना, अशी माझी कायमची धास्ती.

लढाईच्या काळात त्या बॅन्डची एक रेकॉर्ड निघाली होती. वर गोऱ्या बॅन्डमास्तराचं नाव, खाली हॉटेलचं नाव. बेनितो मास्तरांचं नाव कुठंच नाही. पण तिच्यात एका जागी सगळा बॅन्ड थांबतो आणि ट्रंपेट एकटंच पुढं निघतं. ते निघणं मास्तरांचं. त्या दिवशी जे वाजलं ते पुन्हा आयुष्यात वाजलं नाही, असं ते सांगायचे. तबकड्या सोल्जरांनी घेतल्या. सोल्जर गेले, तबकड्या गेल्या. मास्तरांकडची त्यांच्या घरमालकिणीच्या मांजरानं फडताळावरून पाडली.

मग दारूबंदी आली. लिंबाच्या सरबतावर कोणी नाचत नाही. बॅन्ड निम्मा झाला, आणि नेमके तेव्हाच मास्तरांचे पुढचे दात गेले. ट्रंपेट वाजवणाऱ्याचे दात जाणं म्हणजे चालणाऱ्याचा पाय जाणं. मास्तर गोव्याला परत जायला निघाले. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"पुता," ते मला म्हणाले, "त्याची सुरुवात माका याद आहे. शेवट याद आहे. मधलं गेलं रे. रोज आठवून बघतो, येतच नाही. एकदा कानांवर पडलं ना, की घेऊन जाईन. तबकडी नको. ते मधलं पायजे."

अशात लाँड्रीत कल्याणजवळच्या कॅम्पातला एक सिंधी गडी नवा लागला, होतू नावाचा. नॅपकिनांवर हॉटेलचं नाव विणलेलं असतं. घडी घालताघालता तो थांबला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "अरे, ये तो मेरे चाचा के मटके पे है!"

"काय आहे?"

"यही लिखा हुआ. काला गोल ढक्कन है. बीच में छेद."

मी हातातली इस्त्री होती तिथंच ठेवून उभा राहिलो. त्या नॅपकिनचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

शुक्रवार. कॅम्प

होतूला रजा मिळाली नाही, म्हणून पत्ता घेऊन एकटाच निघालो. बरोबर मास्तरांचा पेटीतला फोनो, म्हणजे तबकडी जागेवरच तपासता यावी. गाडीचं वर्णन करत नाही. बसलो आणि कल्याणला उतरलो. पुढं टांगा.

कॅम्पाला आता उल्हासनगर म्हणायचं, पण टांगेवाल्यापासून घोड्यापर्यंत सगळे कॅम्पच म्हणतात. लढाईत हे सोल्जरांसाठी बांधलं. ते गेले आणि फाळणीत सिंधमधून घरदार टाकून आलेल्या लोकांना सरकारनं इथं आणून ठेवलं. जिकडं पाहावं तिकडं एकासारखी एक लांबलचक बराक, आत गोणपाटाचे पडदे टांगून एकेका कुटुंबाची खोली पाडलेली. पण पडद्याच्या बाहेर पाहावं तर प्रत्येकाचं काहीतरी सुरू. खाटेवर पापड वाळतायत, कोणी मोजे विणतोय, कोणी बटणं लावतोय, कोणी कालपर्यंत दुसऱ्याचं असलेलं मशीन खोलून त्यासारखं दुसरं बनवतोय. आमच्या गावात माणसाचं एक जनावर गेलं तर तो वर्षभर पारावर बसून सांगतो. इथं सगळं गेलेली माणसं बसलेली मला दिसली नाहीत.

माझ्या हातून चूक झाली ती कपड्यांची. इस्त्रीवाल्याचा शर्ट साहेबापेक्षा कडक असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यात हातात काळी पेटी. टांग्यातून उतरलो तोच एका बाईनं पडद्यातून आत ओरडून सांगितलं, "क्लेमवाला साहिब आया!"

सिंधमध्ये राहिलेल्या घरादाराचा मोबदला ठरवणारे सरकारी साहेब अधूनमधून तिथं येत असत. बघताबघता माझ्याभोवती गर्दी जमली. एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला. "साईं, शिकारपुर में तीन मंज़िल का मकान था मेरा. ऊपर हवा के लिए झरोखा था. वो भी लिखना."

"मी साहेब नाही हो," मी म्हणालो. "मैं धोबी है. लाँड्री."

"हाँ हाँ," म्हातारा समजूतदारपणे म्हणाला, "बड़े अफ़सर सब पहले ऐसे ही बोलते हैं."

सरकारी माणसाचं सोंग घेतलं म्हणून पकडतील, हॉटेलात कळेल, मुकादम काढून टाकेल, मास्तर गोव्याला आणि मी बोरीबंदरच्या बाकावर, इथपर्यंत मी मनानं जाऊन आलो. शेवटी पेटी उघडून दाखवली. फोनो पाहून गर्दीचा जो हिरमोड झाला, तो माझ्या जॅझच्या नादानं आजवर केलेला सगळ्यांत मोठा. म्हातारा मात्र हटला नाही. जाताजाता म्हणाला, "फिर भी झरोखा याद रखना." म्हणून इथं लिहिला.

होतूचे चाचा विशनदास यांनी मला गर्दीतून सोडवून आत नेलं. "अचो साईं, वेहो." बसलो. आपल्याकडं पाहुण्याला गूळपाणी देतात, यांच्याकडं पापड आणि पाणी. भाजलेला पापड हातात आला आणि मी आधी कोपऱ्यातल्या माठाकडं पाहिलं. माठावर लाकडाचं झाकण होतं. नवं.

हातातला पापड मी खाली ठेवला.

"वो काला?" विशनदासांच्या बायको म्हणाल्या. त्यांना सगळे अम्मा म्हणत. "वो तो बाजेवाले को दे दिया."

मग दोघांनी मिळून सांगितलं. बराकीत राहायला आले तेव्हा वर आढ्यात, कैच्यांच्या सांध्यात, ती तबकडी ठेवलेली सापडली. कोण सोल्जर विसरून गेला कोण जाणे. वाजवायला काही नव्हतं, माठाला झाकण नव्हतं. आकार बरोबर बसला. अम्मा त्यावर पाण्याचा डोया ठेवायच्या. रोज उचलायचा, रोज ठेवायचा.

"पितळेचा?" मी भीत विचारलं.

"पीतल का. भारी था," अम्मा अभिमानानं म्हणाल्या. "कराची से लाई थी."

मी डोळे मिटले. मास्तरांचं संगीत आणि त्यावर कराचीचा पितळी डोया.

"बेटी की शादी आई," विशनदास सांगू लागले. "हमारे में शादी के गीत औरतें गाती हैं. अब गानेवालियाँ कौन कहाँ. कोई अजमेर, कोई पूना, कोई पता नहीं. मैंने बाजेवाले को बोला, भाई, हमारे घर में बाजे की एक ही चीज़ है, ये ढक्कन. यही बजा दो."

"अन् वाजवलं?"

"अरे, ऐसा बजाया, समधी रो पड़ा." मग जरा विचार करून, "वैसे उसके पाँव पे खाट गिरी थी. पर रोया."

बाजेवाल्याचं नाव धोंडू मास्तर, ठिकाण अंबरनाथ. त्या रात्री मला त्यांनी जाऊ दिलं नाही. जेवायला बेसनाची आंबट कढी, भात आणि कमळाचे तळलेले देठ. आमच्याकडच्या तळ्यांत कमळं उदंड. पण आमच्याकडं ती देवाला वाहतात, देठाकडं कोणी बघत नाही. मी तीनदा मागून घेतले. अम्मांना वाटलं मला घरची आठवण आली. आलीच होती.

शनिवार. अंबरनाथ

अंबरनाथ दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, एक देऊळ आणि एक आगपेट्यांचा कारखाना. देऊळ ओढ्याकाठी, काळ्या दगडाचं, पायापासून वरपर्यंत कोरलेलं. आमच्या बाजूलाही अशी जुनी देवळं आहेत, फक्त आमच्याकडं ती पांडवांनी एका रात्रीत बांधली असं सांगतात. मी तिथल्या पुजाऱ्याला विचारलं, हे कोणी बांधलं? तो म्हणाला, "पांडवांनी. एका रात्रीत." पांडवांना रात्री झोप नव्हती एवढं खरं. गाभाऱ्यात खाली उतरून थंडगार अंधारात पिंडीपाशी बसलो आणि मागायचं ते मागितलं. देवानं ते कसं ऐकलं ते पुढं येईल.

धोंडू मास्तराची चौकशी करत कारखान्याच्या फाटकाशी गेलो, तर पहारेकऱ्यानं पेटीवर काठी ठेवली. "यात काय?"

"फोनो."

"आग लागण्यासारखं काही?"

मी म्हणालो, नाही. मग मला आपलं वाटलं की खात्री करून द्यावी. म्हणून बाजूला झाडाखाली नेऊन, चावी देऊन, माझ्या संग्रहातली, बरोबर आणलेली एक चांगली तबकडी त्याला लावून दाखवली. साताऱ्याकडचा गडी, गंभीरपणे काठीवर हनुवटी टेकून त्यानं अखेरपर्यंत ऐकली.

"कसं वाटलं?"

"बरं हाय," तो म्हणाला. "पण सगळी एकदमच का भांडत्यात? एकानं बोलावं, मग दुसऱ्यानं."

"बोलतात ना. मधे एकटा बोलतो बघा."

"तवाच बाकीचे गप बसत्यात? मग तो मुकादम असंल."

जॅझवर मी पुष्कळ बोलणी ऐकली आहेत, हॉटेलातल्या सुटाबुटातल्या लोकांचीसुद्धा. याच्याइतकं नीट ऐकून कोणी बोललेलं आठवत नाही. त्यानंच सांगितलं की धोंडू मास्तर अंबरनाथला लग्नं वाजवतो, पण घर बदलापूरला, नदीच्या अंगाला.

शनिवारीच. बदलापूर

बदलापूर हे खेडंच. कापणी होऊन गेलेली भातखाचरं, पेंढ्याच्या उडव्या, आणि उल्हास नदीचं कमी झालेलं पाणी दगडांमधून चाललेलं. धोंडू मास्तराचं घर शोधावं लागलं नाही. नदीवर म्हशी धूत असलेल्या बायका म्हणाल्या, "तो आवाज येतो ना, तिकडं जा. बंद झाला तर परत या."

धोंडू मास्तर म्हणजे आडवा, मिशाळ, गडगडाटी माणूस. शेती करतो, लग्नसराईत बॅन्ड. लढाईत कल्याणच्या कॅम्पात हमालीला होता. सोल्जरांचा बॅन्ड सराव करायचा तिथं हा पाणी द्यायचा, आणि जाताना एका गोऱ्यानं आपलं क्लॅरिनेट याला देऊन टाकलं. ते आता घरात विळा-कोयत्याशेजारच्या खुंटीला असतं.

"बसा, पावणं. तुमी बरोब्बर जागी आलाव," तो म्हणाला. "अख्ख्या ठाणे जिल्ह्यान इंग्लिश वाजवनारा मी एकटा. बाकी सगळे नुसती फुंकर मारतान."

मी माझं काम सांगितलं. बेनितो मास्तरांचं सांगितलं. त्यानं आत जाऊन एक लाल फेटा आणला आणि त्याच्या घड्यांतून तबकडी काढली. मधल्या कागदावर माठाच्या पाण्याचे डाग, आणि त्याखाली हॉटेलचं नाव. तीच.

फोनो लावला. आधी भजी तळल्यासारखा आवाज, मग त्यातून बॅन्ड. मग बॅन्ड थांबला आणि ट्रंपेट एकटं निघालं. एक ओळ आली, वर चढत जाणारी. पुन्हा तीच आली. पुन्हा तीच. पितळी डोयानं तबकडीला तिथं असा काही ओरखडा पाडला होता की सुई पुढं जायला तयार नव्हती.

धोंडू मास्तरानं शांतपणे जमिनीवर पाय आपटला. सुई उडाली आणि थेट शेवटाला जाऊन पडली. बॅन्ड परत आला, तबकडी संपली.

"मधलं कुठं आहे?" मी ओरडलोच.

"मधी काय?"

"मधलं! ट्रंपेट एकटं जातं ते, मधलं!"

"मधी काय नाय," धोंडू मास्तर म्हणाला. "मधी पाय हाय."

मी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. ओरखड्याच्या पुढं सुई ठेवून पाहिली. तिथं डोयानं नुसतं खरवडून ठेवलं होतं, खरखरीशिवाय काही नाही. मग त्यानं आपल्या लोकांना हाका मारल्या आणि अंगणात ती चीज वाजवून दाखवली. अगदी तबकडीबरहुकूम. क्लॅरिनेटवर ती चढती ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच, मग ढोलवाल्यानं पाय आपटला आणि सगळे शेवटाला. तबकडी अडकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. विशनदासांच्या घरी फोनो नव्हता. शेजारच्या बराकीतल्या एका फोनोवर यांनी ती ऐकली. तिथं मालकानं पाय आपटला की ती पुढं जायची, तेव्हा पाय हा त्या संगीताचाच भाग, असं हे धरून बसले. आणि इंग्लिश संगीतात काय असेल ते आपण कसं सांगणार?

यावर कडी पुढंच होती. लोकांना ते अडकणंच आवडलं. वरातीत त्या ओळीवर नाचायला मिळतं. मग पाय कोणी आपटायचा यावरून भांडणं होऊ लागली, आणि पंचांनी तो मान नवरदेवाच्या मामाला दिला. मामानं पाय आपटल्याशिवाय वरात वेशीतून आत येत नाही.

"ही पद्धत नवीनच म्हणायची," मी म्हणालो.

धोंडू मास्तराची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ती फटकन म्हणाली, "नवीन कसली? आमच्यान पयल्यापासून हाय."

तबकडी द्यायला तो तयार होईना. "ही गेली तं उद्या कुनी बोलेल, तू चुकीचा वाजवतंस. मंग दाखवू काय? तुमच्या सायबालाच घेऊन या. उद्या रविवारी चिखलोलीला लगीन हाय."

रात्री मुंबईला परत आल्यावर मी बेनितो मास्तरांना काय सांगितलं? सांगितलं, सापडली. सांगितलं, एक बॅन्ड ती वाजवतो, तोंडपाठ. त्यांचा चेहरा पाहिला आणि पुढचं सांगायचं राहिलं.

रविवार. चिखलोली

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे हे गाव. मास्तर पांढरा कोट घालून आले होते. त्याला मी आदल्या रात्री तासभर इस्त्री केली होती. डोक्यावर हॅट. वाटेत ते करवंदं घेऊन पुढच्या दातांशिवाय खात होते आणि सारखं बोलत होते. "बघ, कोण म्हणतो वाया गेलं? मी वाजवलं, सोल्जरानं ऐकलं, आणि हे लोक... पुता, क्लॅरिनेटवर ते मधलं कसं बसवलं असेल रे? तिथं एक जागा आहे, लई कठीण आहे." मी हो म्हणालो आणि माझी करवंदंही त्यांनाच देऊन टाकली.

मांडवात धवलारीण, म्हणजे लग्न लावणारी गाणारी बाई, आपली गाणी म्हणत होती. उन्हं उतरल्यावर वरात वेशीशी आली आणि धोंडू मास्तरानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

सुरुवात ऐकून मास्तरांनी हॅट काढली. बॅन्ड थांबला, क्लॅरिनेट एकटं निघालं, ती ओळ वर चढली. मास्तरांचे ओठ हलत होते. ओळ पुन्हा आली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुन्हा आली. लोक बेभान नाचत होते, नवरदेवाचा मामा, गुलाबी फेट्याचा दांडगा गृहस्थ, धोतर सावरून पुढं सरत होता.

"पुढं जा," मास्तर पुटपुटले. मग मोठ्यानं, "अरे पुढं जा! पुढं आहे ना!" आणि ओळ पुन्हा तिथंच आली तेव्हा त्यांनी संतापून खाडकन पाय आपटला.

धोंडू मास्तराचे डोळे मिटलेले. पाय ऐकला आणि तो शेवटाला गेला. संगीत संपलं.

मामा एक पाय पुढं टाकून तसाच उभा.

"भाचा माझा," मामा म्हणाला, "पाय माझा. आणि हा टोपीवाला कोन?"

"पावणं, कोनाला आनलाव तुमी?" धोंडू मास्तर माझ्यावर धावून आला.

मी दोघांच्या मधे शिरलो. "तबकडीत वाजवलंय ते यांनीच. हेच ते."

धोंडू मास्तरानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग त्यांना तं ठावं पायजे," तो म्हणाला, "पाय कवा पडतं ते."

"मधलं कुठं आहे?" बेनितो मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

धोंडू मास्तरानं माझ्याकडं पाहिलं, आणि मी मास्तरांना हे सांगितलेलं नाही, ते त्याला कळलं असावं. एवढा गडगडाटी माणूस, पण तो हळू बोलला. "सायेब, तबकडीन नाय ते. घासून गेलं. आमी वाजवतो तवढाच उरलाय."

मास्तर हॅट हातात फिरवत राहिले. मला वाटलं आता ते वळतील आणि स्टेशनकडं चालू लागतील, आणि मी मागून. पण तोवर मामाच्या बाजूचे लोक मामा रुसल्याचं ओरडत होते, वरात खोळंबली होती, नवरदेव घोड्यावर पेंगत होता. पंचांनी निकाल दिला: पहिल्यापासून वाजवायचं, आणि टोपीवाल्यानं मामाच्या शेजारी उभं राहायचं, म्हणजे त्याच्यावर नजर राहील.

पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा बॅन्ड थांबला, आणि ती ओळ एकटी वर चढत गेली, त्या जागेपाशी पोचली, आणि परत आली. मास्तर मान थोडी वाकडी करून ऐकत होते, दाराबाहेर उभं राहून आतलं बोलणं ऐकावं तसं. ओळ पुन्हा त्या जागेपाशी गेली. लोक नाचत होते. मामानं धोतर सावरलं आणि पाय उचलला.

मास्तरांनी त्याच्या दंडाला धरलं.

"थांब रे बाबा," ते म्हणाले. "अजून एकदा."

मामानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि एका पायावर उभा राहिला.